मुंबईच्या ओल्या कचऱ्यात गॅस किती?

माहुलच्या आसपास भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, रासायनिक द्रवांच्या साठवणटाक्या आहेत. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, ट्रॉम्बेचे वीज केंद्र आणि भाभा अणुसंशोधन केंद्र हेही जवळच. काही किलोमीटरवर देवनारची कचराभूमी, १९२७ पासून वापरात असलेली. इंधन, खत, वीज आणि कचरा यांचा इतका दाट शेजार मुंबईत दुसरीकडे नाही. या पट्ट्यात आता आणखी एका इंधनाची भर पडायची आहे. मुंबई महापालिका आणि महानगर गॅस यांच्यात २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. दिवसाला १००० टनांपर्यंत ओला कचरा कुजवायचा, त्यातला वायू शुद्ध करून दाबाखाली भरायचा आणि सीएनजीसारखा वापरायचा, अशी ही योजना. जागा देवनारची. या इंधनाला कॉम्प्रेस्ड बायोगॅस, थोडक्यात सीबीजी म्हणतात.

योजना जाहीर होताना नेहमी एक आकडा सांगितला जातो : इतक्या कचऱ्यातून इतका गॅस. तो आकडा कसा काढतात आणि प्रत्यक्षात किती उरतो, हे समजून घेतले तर प्रकल्पाकडून काय मागायचे हेही कळते. माहुल, गोवंडी आणि चेंबूरच्या लोकांसाठी हा हिशेब पुस्तकी नाही. गॅस कमी निघाला, तर न कुजलेला कचरा, दुर्गंधी आणि सांडपाणी त्यांच्याच दारात राहणार आहे.

हिशेबाची सुरुवात शहराच्या कचऱ्यापासून होते. मुंबईत रोज साधारण साडेसहा ते सात हजार टन घनकचरा गोळा होतो. त्यात ७० टक्क्यांहून थोडा अधिक भाग ओला, म्हणजे अन्नाचा आणि भाजीपाल्याचा असतो, असे महापालिकेचे पर्यावरण अहवाल सांगतात. साडेसहा हजार टन आणि ७० टक्के धरले तर ओला कचरा सुमारे साडेचार हजार टन होतो. चांगल्या, स्वच्छ अन्नकचऱ्याच्या एका टनात पाणीच तीन चतुर्थांश. उरलेल्या घन भागातला बहुतेक हिस्सा जिवाणूंना खाता येतो. त्यातून १०० ते १२० घनमीटर बायोगॅस निघू शकतो आणि त्यात मिथेन ६० टक्क्यांच्या आसपास असतो. वजनात सांगायचे तर एका टनामागे सुमारे ४५ किलो मिथेन. या दराने सगळ्या मुंबईच्या ओल्या कचऱ्यातून रोज २०० टन गॅस! अहवालांत ‘क्षमता’ म्हणून येतो तो बहुधा हाच आकडा.

हा आकडा खोटा नाही. प्रयोगशाळेत बाटलीत थोडा कचरा आणि चालू प्रकल्पातले जिवाणूयुक्त पाणी घालून, हवा बंद करून, शरीराइतक्या उबेत महिनाभर ठेवतात आणि निघालेला वायू मोजतात. बाटलीत तेवढा गॅस खरोखर निघतो. फक्त तिच्यात निवडून घेतलेला कचरा असतो आणि जिवाणूंना हवा तेवढा वेळ मिळतो. शहराची गाडी तशी येत नाही.

मुंबईच्या ‘ओल्या’ कचऱ्यात काय काय असते, हे कोणत्याही मंडईच्या मागे दिसते. भाजीची पाने, सडलेले टोमॅटो, फळांच्या साली, हॉटेलांतला भात. हा सगळा उत्तम माल. त्याच ढिगात शहाळी, नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या, उसाचा चोथा, आंब्याच्या कोयी, हारांचे दोरे, झाडांच्या फांद्या असतात. हे सगळे जैविक आहे, म्हणून ओल्या कचऱ्यात मोजले जाते. पण त्यातल्या लाकडासारख्या कठीण घटकाला, लिग्निनला, हवेविना जगणारे जिवाणू जवळजवळ हात लावत नाहीत. शहाळे वजनकाट्यावर दोन किलो भरते आणि गॅसच्या खात्यात शून्याच्या जवळ. पावसाळ्यात तर काटाच फसवतो. उघड्या कुंडीतला कचरा पाणी पितो, गाडीचे वजन वाढते, त्यातला कुजणारा भाग तेवढाच राहतो.

शिवाय टक्केवारीतही एक गोम आहे. कचराभूमीवर पोहोचलेल्या मालात ओल्याचे प्रमाण जास्त दिसते, कारण वाटेत कचरावेचकांनी पुठ्ठा, बाटल्या आणि धातू आधीच काढून घेतलेले असतात. जे उरते ते ओले असते खरे, पण काच, माती, पिशव्या आणि सॅनिटरी पॅड यांनी बरबटलेले. त्याला ओला कचरा म्हणणे आणि गॅसचा कच्चा माल म्हणणे, यांत फार अंतर आहे.

जिवाणूंच्या बाजूनेही पाहायला हवे. बायोगॅस तयार करणारी साखळी दोन टप्प्यांची असते. आधी एका गटाचे जिवाणू अन्नाचे तुकडे करून आम्ले बनवतात, मग दुसरा गट त्या आम्लांपासून मिथेन बनवतो. पहिला गट झपाट्याने वाढतो, दुसरा सावकाश. हॉटेलच्या भातासारखा गोड, पिठूळ माल एकदम जास्त पडला तर आम्ल साठते, दुसरा गट गुदमरतो आणि टाकी ‘आंबते’. ती पुन्हा मार्गावर यायला काही आठवडे लागू शकतात. शेणाच्या गोबरगॅसमध्ये ही अडचण फारशी येत नाही, कारण जनावराच्या पोटात अर्धे काम झालेले असते. म्हणूनच शेणातून टनामागे गॅसही कमी मिळतो. शेण सोडून थेट स्वयंपाकघरातला पिष्टमय माल वापरला तर छोट्या टाकीतही भरपूर गॅस मिळतो, हे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने दाखवले आणि त्यासाठी २००६ मध्ये तिला ॲशडेन पुरस्कार मिळाला. गॅसची किल्ली मालाच्या जातीत आहे, ढिगाच्या उंचीत नाही.

प्रत्यक्षातला आकडा हवा असेल तर इंदूरकडे पाहावे लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे दिवसाला ५५० टन ओला कचरा हाताळणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची घोषित क्षमता दिवसाला १७ टन सीबीजी. म्हणजे एका टन कचऱ्यामागे सुमारे ३१ किलो. बाटलीतल्या ४५ किलोंपैकी एक तृतीयांश इथेच गेले, आणि तेही घराघरांतून कचरा वेगळा घेण्याची शिस्त देशात सर्वांत कडक असलेल्या शहरात, तेही कागदावरच्या क्षमतेत. मुंबईला इंदूरचाच दर मिळाला असे उदारपणे धरले तर १००० टनांतून ३१ टन गॅस होतो. शहराच्या २०० टनांच्या ‘क्षमते’पैकी हा सहावा हिस्साही नाही.

३१ टन म्हणजे किती? एका रिक्षाला दिवसाला चार-पाच किलो सीएनजी लागतो असे धरले तर सहा ते आठ हजार रिक्षा. ऐकायला बरे वाटते. पण महानगर गॅसची रोजची विक्री ४० लाख घनमीटरच्या आसपास आहे आणि ३१ टन म्हणजे सुमारे ४४ हजार घनमीटर. एक टक्क्याहून किंचित जास्त.

हा एक टक्का सध्या मोलाचा आहे, कारण केंद्र सरकारने शहरी गॅस कंपन्यांना सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये सीबीजी मिसळणे बंधनकारक केले आहे. २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. महानगर गॅसच्या या दोन विभागांची विक्री दिवसाला ३५ लाख घनमीटर धरली तर ५ टक्क्यांसाठी इंदूरच्या दराने रोज जवळपास चार हजार टन ओला कचरा लागेल. मुंबईचा एकूण ओला कचराच साडेचार हजार टन आहे. कंपनीला दुसरीकडून सीबीजी विकत घेता येईल, ती तसे करीलही. पण शहराच्या कचऱ्यावर गॅसचे हे उद्दिष्ट पेलेल, ही समजूत या एका गुणाकारात संपते. २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली तेव्हा २०२३ पर्यंत देशात ५००० सीबीजी प्रकल्प उभारायचे ठरले होते. त्यातले फार थोडे उभे राहिले. तेव्हाही कच्चा माल आहेच असे गृहीत धरले होते.

मग हा प्रकल्प करायचाच कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर कांजूरमार्गच्या आकाशात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ब्युनॉस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई येथील कचराभूमींवरून निघणारा मिथेन उपग्रहाने मोजला. कांजूरमार्गचा आकडा आला तासाला सुमारे ९.८ टन. दिवसाचे झाले २३५ टन. मोजमाप मोजक्या दिवसांच्या निरीक्षणांवरचे आहे आणि अशा अंदाजांत चुकीला मोठा वाव असतो. तरी शहराच्या सगळ्या ओल्या कचऱ्यातून कागदावर निघणारा २०० टनांचा आकडा आणि हा आकडा एकाच पट्टीतले आहेत. ढिगात मागच्या अनेक वर्षांचा माल कुजत असतो, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मुंबईचा ओला कचरा गॅस देतोच आहे. तो सिलिंडरमध्ये जाण्याऐवजी हवेत जातो आहे, इतकेच. आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो.

या बाजूने मोजले तर ३१ टनांची किंमत बदलते. इंधन म्हणून ती एक टक्का आहे. पण १००० टन ओला माल कचराभूमीवर गेलाच नाही तर तिथून पुढे निघणारा मिथेन ढोबळमानाने दिवसाला ४० टनांनी कमी होईल. आग आणि धूर कमी होईल तो वेगळाच. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर अवकाशातून दिसला होता आणि गोवंडी-चेंबूरच्या मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ढिगातल्या आगीला पोसतो तो हाच वायू. प्रकल्पाचे समर्थन करायचे तर ते या आधारावर व्हायला हवे. रिक्षांच्या संख्येवर नको.

एक अट मात्र आहे. बंद टाक्यांमधूनही मिथेन गळतो. नीट न सांभाळलेल्या प्रकल्पांत काही टक्के गॅस झडपा, झाकणे आणि उघड्या स्लरीच्या तलावांतून निसटतो. कचराभूमीवरचा मिथेन वाचवायचा आणि प्रकल्पातून थोडा गळू द्यायचा, हे गणित मोजल्याशिवाय जुळले असे म्हणता येत नाही.

आता कच्च्या मालाकडे परत येऊ. माहुल महापालिकेच्या एम-पश्चिम विभागात येते, देवनार एम-पूर्वमध्ये. २०११ च्या जनगणनेत पहिल्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख १२ हजार, दुसऱ्याची सुमारे ८ लाख ८ हजार. दोन्ही मिळून शहराच्या दहाव्या हिश्शाला किंचित कमी. लोकसंख्येच्या प्रमाणात ओला कचरा धरला तर एम-पश्चिमचा १५० टन, दोन्ही विभागांचा मिळून ४५० टनांच्या आत. हाही जास्तीचा अंदाज आहे, कारण एम-पूर्वमध्ये वस्ती गरिबांची आणि गरिबाच्या ताटात टाकून देण्यासारखे कमी उरते. यातला निम्मा माल जरी स्वच्छ वेगळा मिळाला तरी तो सव्वादोनशे टन होईल. १००० टनांचा प्रकल्प पूर्ण चालवायचा तर पाऊणशे टक्क्यांहून जास्त माल बाहेरून, म्हणजे घाटकोपर, कुर्ला, अंधेरीपासून आणावा लागेल. आठ टनांची गाडी धरली तर एकूण सव्वाशे फेऱ्या रोज, आणि त्यातल्या शंभराच्या आसपास बाहेरच्या विभागांतून.

शहराची सोय आणि विभागाची सोय यांत इथे फरक पडतो. महापालिकेला एक मोठा प्रकल्प सांभाळणे सोपे वाटते. शुद्धीकरणाची यंत्रे आणि कॉम्प्रेसर महाग असतात, ती छोट्या आकारात परवडत नाहीत, हेही खरे. छोट्यांचा अनुभव संमिश्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे माहुलच्या शेजारीच, डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे तंत्र विकसित केले. आधी गरम पाण्यात हवेच्या सान्निध्यात कचरा मऊ करायचा, मग हवाबंद टाकीत कुजवायचा. वर सांगितलेले दोन टप्पे वेगळे केल्याने टाकी सहसा आंबत नाही. स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांना असे प्रकल्प चालवायला शिकवले. दुसऱ्या बाजूला पुणे महापालिकेने पाच-पाच टनांचे वीस-पंचवीस बायोगॅस प्रकल्प उभारले आणि त्यांतले अनेक बंद पडले किंवा अर्ध्या क्षमतेनेही चालले नाहीत. कारणे नेहमीची. मिसळलेला कचरा, बिघडलेले चर्नर, देखभालीचे न दिलेले पैसे. निसर्गऋण जिथे चालले तिथे दारात येणारा माल कोणीतरी हाताने निवडत होते, आणि बहुतेक वेळा ती कचरावेचक बाई होती. १००० टनांच्या आराखड्यात तिची जागा कुठे, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

मुंबईला या विषयाचा इतिहासही आहे. आजच्या वडाळ्यातील ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून गॅस काढून वापरला जात होता. भारतातल्या बायोगॅसची सुरुवात म्हणून अनेक पुस्तके त्याच संस्थेचे नाव घेऊन १८५९ हे साल देतात. मात्र संस्थाच सुरू झाली १८९० मध्ये. आकडे तपासल्याशिवाय पुढे सरकवण्याची सवयही तेवढीच जुनी दिसते.

माहुलकरांना अशा आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकवण्याआधी त्यांचा अनुभव लक्षात घ्यावा लागेल. आंबापाडा आणि माहुलमध्ये केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीत ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचे सांगितले होते. रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेल कंपन्या आणि दोन साठवण कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई भरायला सांगितले. कारण होते हवेतली वाफाळणारी सेंद्रिय रसायने. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून ज्यांना माहुलच्या ७२ इमारतींत पाठवले, त्यांना तिथेच राहायला भाग पाडता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये म्हटले. ज्या हवेबद्दल न्यायालयाला असे म्हणावे लागले, त्या हवेत नव्या प्रकल्पाने भर घालण्याला वाव नाही.

बायोगॅसमध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू अतिशय कमी प्रमाणातही नाकाला कळतो, जास्त प्रमाणात घातक असतो आणि विशेष म्हणजे तेव्हा त्याचा वास येणेच बंद होते. गॅस विकायचा तर तो काढावाच लागतो, त्यामुळे टाकीतल्या गॅसची काळजी कंपनी घेईलच. खरी भीती टाकीबाहेरची आहे : कचरा उतरवण्याचा फलाट, उघडे राहिलेले दरवाजे, गाड्यांतून गळणारे पाणी, साठलेली स्लरी. फलाट बंदिस्त हवा, आतली हवा सतत खेचून जैविक गाळणीतून सोडायला हवी. स्लरीचा प्रश्न तर गॅसपेक्षा मोठा आहे. १००० टन ओल्या मालातून ३१ टन गॅस गेला तरी उरलेले बहुतेक वजन पाणी आणि गाळ म्हणून मागे राहते. गाळाचे खत होते, आणि असे खत विकण्यासाठी टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केले. पण त्यात काचेचे कण आणि प्लास्टिकचे धागे असतील तर शेतकरी ते एकदाच घेतो. पाणी शुद्ध न होता खाडीत गेले तर माहुलच्या कोळ्यांच्या जाळ्यात येते.

दरम्यान जागांचा प्रश्न तापतो आहे. देवनारमधला १८५ लाख टन जुना कचरा उपसण्याचे कंत्राट दिले गेले आहे. कांजूरमार्गची जमीन संरक्षित वन असल्याचे उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ठरवले, नंतर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कांजूरमार्ग अडचणीत आले की देवनारवर ताण वाढणार, आणि ताण वाढला की प्रकल्पाच्या फलाटावर मिसळलेला कचरा उतरवण्याचा मोह होणार. इंदूरचा ३१ किलोंचा दर तेव्हा २० वर किंवा त्याखाली यायला वेळ लागणार नाही.

म्हणून करारात सर्वांत आधी पाहायची गोष्ट गॅसची क्षमता नाही. गाडीत किती टक्के न कुजणारा माल चालेल, त्याहून जास्त आढळला तर गाडी कोण परत नेणार आणि त्याचा खर्च कोण देणार, हे कलम पाहायला हवे. सुरुवात १००० टनांनी करण्याची गरजही नाही. मंडया, हॉटेले, देवनारचा कत्तलखाना आणि दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या ज्या सोसायट्यांनी २०१७ च्या आदेशानंतरही स्वतःची सोय केलेली नाही, त्यांचा माल आधी घेता येईल. तो एका जातीचा, रोज ठरल्या वेळी मिळणारा आणि वेगळी गाडी लावून उचलता येणारा आहे. त्यावर टाकी सहा महिने स्थिर चालली की घरगुती कचऱ्याचा वाटा वाढवावा. आलेला माल, परत पाठवलेला माल, निघालेला गॅस आणि फलाटावरचे हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण, हे चार आकडे रोज माहुल आणि गोवंडीच्या नाक्यावर फलकावर लावणे महानगर गॅसला फारसे महाग पडणार नाही.